मोठ्या पगारावर दुबई, सिंगापूर, ॲमस्टरडॅम की झुरिच?

परदेशातली ऑफर आली की घरात पहिला प्रश्न निघतो, "तिथे टॅक्स किती?" एवढ्यावर ठरवलं तर दुबई बसल्या जागी जिंकते. पण टॅक्स नसलेल्या शहरात शाळा, दवाखाना आणि म्हातारपण यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असतो, आणि निम्म्याच्या आसपास टॅक्स घेणाऱ्या देशात यातलं बरंचसं आधीच भरलेलं असतं. म्हणून या चार शहरांना तीन प्रश्न लावून पाहिलं आहे. भाडं, शाळा, विमा भरल्यावर हातात काय उरतं? नोकरी गेली तर देशात किती दिवस राहता येतं? आणि गावी असलेल्या आईवडिलांना सोबत ठेवता येतं का? तिसऱ्या प्रश्नाकडे ऑफरच्या आनंदात कुणाचं लक्ष जात नाही, आणि पुढे परतीचा विषय निघतो तो बहुधा त्याच्यावरूनच.

हिशेबासाठी धरलेलं घर असं: पस्तिशी-चाळिशीतलं जोडपं, दोन मुलं, एकाचा मोठा पगार आणि दुसऱ्याची नोकरी करायची इच्छा.

दुबई

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे पगार डॉलरमध्येच मिळतो असं समजायला हरकत नाही. पगारावर आयकर नाही, व्हॅट ५ टक्के. पैसे मागे टाकण्यासाठी चौघांत हेच शहर पहिलं, यात शंका नाही. अडचण येते ती पहिल्या महिन्यात.

भाडं वर्षाचं बोललं जातं आणि पुढच्या तारखांचे चेक देऊन भरलं जातं. चेक जितके कमी, तितकं भाडं कमी करून घेता येतं. समजा १,२०,००० दिरहम वार्षिक भाड्याचा, फर्निचर नसलेला फ्लॅट चार चेकवर ठरला. चावी हातात येण्याआधी पहिला चेक ३०,०००, दलाली ५ टक्के म्हणजे ६,००० आणि तिच्यावरचा व्हॅट ३००, घरमालकाचं डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ६,००० (फर्निचरसह घर असेल तर १० टक्के), वीज-पाण्याच्या जोडणीचं डिपॉझिट २,००० आणि एजारी, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदणीचे दोनेकशे. सगळे मिळून साधारण साडेचव्वेचाळीस हजार दिरहम, आणि तेही पहिला पगार जमा व्हायच्या आत. शिवाय चेकबुकासाठी बँक खातं लागतं आणि खात्यासाठी एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र. म्हणून पहिला महिना सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढायचा आणि भाड्यासाठी कंपनीकडून आगाऊ रक्कम ऑफर लेटरमध्येच लिहून घ्यायची. रुजू झाल्यावर ती मागणं अवघड जातं.

पुढे दर महिन्याच्या वीजबिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के पालिका आकार बारा भागांत येतो, म्हणजे वरच्या उदाहरणात महिना ५००. एसीच्या गार पाण्याचं, म्हणजे चिलरचं बिल अनेक इमारतींत वेगळं असतं. 'चिलर फ्री' लिहिलेला फ्लॅट थोडा महाग दिसला तरी उन्हाळ्यात तोच स्वस्त पडू शकतो. भाडं वाढवायचं तर मालकाला करार संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं. घर विकायला किंवा स्वतः राहायला हवं असेल तर नोटरीमार्फत १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर "पुढच्या महिन्यात खाली करा" असा निरोप आला म्हणून घर सोडणाऱ्यांनी हा नियम वाचायला हवा.

आता मुख्य मुद्दा, पगाराची फोड. ऑफरमध्ये एकूण आकडा मोठा लिहिलेला असतो, पण ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यानंतर दर वर्षाला ३० दिवसांचा. एकूण ४०,००० दिरहमच्या पॅकेजमध्ये मूळ पगार १६,००० असेल तर पाच वर्षांनी ५६,००० दिरहम हाती येतात. तोच मूळ पगार २४,००० असेल तर ८४,०००. पॅकेज एकच, फरक २८,००० दिरहमचा. नोकरी गेल्यास मिळणारा सक्तीचा विमाही मूळ पगारावरच चालतो: मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने, आणि १६,००० च्या वर मूळ पगार असणाऱ्यांना महिना २०,००० ची मर्यादा. नोकरीच्या आधारावर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा हवा असेल तर महिना ३०,००० ची अट धरली जाते तीसुद्धा मूळ पगारावर. वरच्या दोन्ही फोडी त्यात बसत नाहीत. एचआरशी बोलताना एकूण रकमेवर ताणून धरण्यापेक्षा मूळ पगाराचा हिस्सा वाढवून घ्या. कंपनीला लगेच फारसा भार पडत नाही, म्हणून हे मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

गोल्डन व्हिसा महत्त्वाचा एवढ्यासाठी, की तो नोकरी देणाऱ्या कंपनीला बांधलेला नसतो. साध्या नोकरीच्या व्हिसावर नोकरी संपली की घड्याळ सुरू होतं. मुदत व्हिसाच्या प्रकारावर ठरते. रद्द झाल्याच्या कागदावर शेवटची तारीख छापलेली असते, ती त्याच दिवशी वाचावी. घराचे उरलेले चेक, गाडीचं कर्ज, मुलांचं शाळेचं सत्र हे सगळं त्या तारखेच्या आत मिटवायचं असतं.

शाळांत अभ्यासक्रमाप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या नावाजलेल्या शाळेत वरच्या वर्गांना एका मुलामागे वर्षाला ६० ते ९० हजार दिरहम सहज लागतात. सीबीएसई शाळा त्याहून बऱ्याच कमी खर्चात होतात. प्रत्येक शाळेची मंजूर फी आणि तपासणीचा अहवाल केएचडीए, म्हणजे दुबईचं शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं, स्वतः प्रसिद्ध करतं, तेव्हा शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ब्रिटिश शाळांचं ऑगस्ट-सप्टेंबरला. रुजू होण्याची तारीख ठरवताना हे पाहिलं नाही तर मुलाचं अर्धं वर्ष हुकतं.

मुंबईपासून साधारण तीन तासांचं विमान, करामा आणि बर दुबईत हवं ते पीठ-मसाले, ओळखीचे डॉक्टर आणि आईवडिलांना बोलावण्याची तुलनेने सोपी व्यवस्था, यामुळे तिसऱ्या प्रश्नात दुबईला तोड नाही. मात्र कितीही वर्षं राहिलात तरी नागरिकत्वाची वाट धरून चालू नका. भारतातलं उत्पन्न १५ लाख रुपयांवर असेल तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. भारतात वर्षाला १२० दिवस किंवा त्याहून जास्त राहिलं तर अनिवासी दर्जा धोक्यात येतो. आणि दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक 'निवासी, पण सामान्य निवासी नाही' असा मानला जातो. दुबईच्या पगारावर त्यामुळे भारतात कर लागत नाही, पण रिटर्नमधला रकाना बदलतो, आणि तो चुकीचा भरला की नोटीस येते.

सिंगापूर

करपात्र उत्पन्न २ लाख सिंगापूर डॉलर असेल तर आयकर २१,१५०, म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या आसपास. सर्वांत वरचा दर २४ टक्के, तोही १० लाखांच्या वर. भांडवली नफ्यावर कर नाही. भारतातल्या एनआरई ठेवीचं, म्हणजे अनिवासी भारतीयाने परदेशी कमाईतून ठेवलेल्या ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि इथेही त्याला कुणी हात लावत नाही. दुबईखालोखाल शिल्लक इथे पडायला हवी, पण ती भाडं, शाळा आणि गाडीत जाते. गाडीचं तर नावच काढू नये. नुसत्या दहा वर्षांच्या परवान्याची बोली लाख डॉलरच्या घरात जाते. मेट्रो आणि बस उत्तम आहेत, त्यावर राहावं.

कर पगारातून दरमहा कापला जात नाही, हे नवख्याला कळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षाचा कर दुसऱ्या वर्षी मागितला जातो. गिरोने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप वळत्या होणाऱ्या १२ हप्त्यांत भरता येतो, पण पैसा बाजूला ठेवलेला असावा लागतो. खरी अडचण नोकरी सोडताना येते. परदेशी कर्मचारी नोकरी सोडणार असं कळलं की कंपनीने आयआर २१ हा फॉर्म भरायचा आणि कराचा हिशेब होईपर्यंत देणं असलेली सगळी रक्कम रोखून धरायची, असा नियम आहे. म्हणजे नेमक्या गरजेच्या महिन्यात शेवटचा पगार, रजेचे पैसे, बोनस अडकतो. कंपनीचे शेअर मिळत असतील तर आणखी एक खाच आहे: हातात न आलेल्या शेअरांवरही, ते मिळालेच असं मानून, जाताना कर लावला जातो. पुढे प्रत्यक्षात कमी मिळाले तर फरक परत मागता येतो, पण तो आपण अर्ज करून मागायचा. मोठ्या पगाराचा मोठा भाग शेअरमध्ये असणाऱ्यांनी ही रक्कम आधीच काढून ठेवावी.

नोकरी संपल्यावर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, रद्द होतो आणि साधारण ३० दिवस मिळतात. घराचा करार दोन वर्षांचा असेल तर त्यात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' आहे ना, हे सही करण्याआधी पाहाच. नोकरी गेली किंवा बदली झाली तर १२ महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन करार मोडता येतो, तो याच कलमाने. ते नसेल तर देश सोडल्यावरही भाडं मागितलं जाऊ शकतं. एक वर्षाच्या करारात घरमालक ते सहसा देत नाहीत. करारावरची स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, भाडेकरूने भरायची: महिना ५,००० च्या दोन वर्षांच्या घराला ४८०.

जोडीदाराच्या करिअरसाठी मात्र हे शहर कमी पडतं. मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर, म्हणजे जोडीदाराच्या आधारावर राहणाऱ्याला नोकरीसाठी स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो, आणि एम्प्लॉयमेंट पासची किमान पगाराची अट २०२५ पासून ५,६०० डॉलर आहे, वयाप्रमाणे ती वाढते. अर्धवेळ काम करून घर सांभाळणाऱ्या बाईला हा दरवाजा जवळजवळ बंदच. आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीचा पास आहे, पण मुलाचा किंवा मुलीचा ठरीव मासिक पगार १२,००० हवा. ज्यांचा आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय, कारण पुढच्या दोन्ही शहरांत असं काही नाही.

आंतरराष्ट्रीय शाळांची फी एका मुलामागे वर्षाला २० हजारांपासून ५० हजार डॉलरपर्यंत जाते; भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा खालच्या टोकाला. कंपनी फी देत नसेल आणि दोन्ही मुलं शाळेत असतील, तर कमी टॅक्सचा सगळा फायदा इथेच संपतो. म्हणून शाळेचा खर्च ऑफरमध्ये नसेल तर सिंगापूर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, मिळाला तर सीपीएफ हा तिथला भविष्य निर्वाह निधी सुरू होतो, कंपनीचा १७ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा येतो. पण पीआर घेतलेल्या मुलाला वयात आल्यावर दोन वर्षं राष्ट्रीय सेवा करावी लागते. घरात मुलगा असेल तर हा निर्णय त्याच्याही आयुष्याचा आहे. अर्ज करण्याआधी घरात मोकळेपणाने बोला.

ॲमस्टरडॅम आणि आसपास

नेदरलँड्सचा वरचा दर ४९.५ टक्के, आणि तो २०२५ साली ७७ हजार युरोंच्या थोडा अलीकडेच सुरू होतो. हे वाचून लोक दचकतात. पण परदेशातून बोलावलेल्या कुशल माणसाला पगाराचा ३० टक्के भाग पाच वर्षं करमुक्त मिळू शकतो. १,२०,००० युरो पगारावर २०२५ च्या दरांनी हातात येणारे पैसे या सवलतीसह सुमारे ९१,०००, सवलतीविना सुमारे ७१,०००. वर्षाला २० हजारांचा फरक! २०२७ पासून ही सवलत २७ टक्क्यांवर येते. अर्ज रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो, आणि नोकरीचा करार तुम्ही देशाबाहेर असताना झालेला असावा लागतो. आधी येऊन मग नोकरी शोधणारे इथे चुकतात.

धोका सहाव्या वर्षी आहे. पगार तोच राहतो आणि महिन्याचे जवळपास १,७०० युरो एका पगारापासून दुसऱ्या पगारात नाहीसे होतात. घराचा हप्ता सवलतीच्या पगारावर बेतला असेल तर ओढाताण ठरलेली. हप्ता नेहमी सवलतीविनाच्या पगारावर काढावा. घर घेणं तसं सोपं आहे. किमतीएवढं पूर्ण कर्ज मिळू शकतं, वरचा खर्च तेवढा रोख लागतो, आणि व्याजावर करसवलत आहे.

भारतात गुंतवणूक असलेल्यांनी 'बॉक्स ३', म्हणजे बचत आणि गुंतवणुकीवरचा कर, समजून घ्यायलाच हवा. संपत्तीवर ठरावीक परतावा मिळालाच असं मानून त्यावर ३६ टक्के कर लागतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर २०२५ साठी हा परतावा ५.८८ टक्के धरला आहे, म्हणजे सूट ओलांडून असलेल्या रकमेच्या साधारण २.१ टक्के दर वर्षी. प्रत्यक्ष परतावा कमी होता हे दाखवता येतं, पण कागद आपण जमवायचे. पूर्वी ३० टक्के सवलतवाल्यांना यातून सूट घेता यायची. २०२५ पासून नव्यांना ती नाही. पुण्यातल्या फंडांचा हिशेबही इथे द्यावा लागतो.

तरीही दोघांनी काम करायचं ठरवलेल्या जोडप्याला मी हेच शहर सुचवेन. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते, वेगळा परवाना लागत नाही. सरकारी शाळा फुकट, मूल चार वर्षांचं झालं की जाऊ लागतं, आणि लहान मुलं डच भाषा झपाट्याने उचलतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र जपून आणावं. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची शैक्षणिक वाट ठरते, आणि तोवर भाषा आली नाही तर हुशार मुलगाही खालच्या प्रवाहात जाऊ शकतो. पाळणाघर महाग आहे, आणि सरकारी भत्त्याचा सर्वांत कमी टक्का मोठ्या पगारालाच मिळतो.

आरोग्य विमा प्रौढाला महिना १६० युरोंच्या आसपास, १८ वर्षांखालच्या मुलांना वेगळा हप्ता नाही. हाउसार्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, याच्याकडे लगेच नाव नोंदवा. अनेकांच्या याद्या भरलेल्या असतात आणि त्याच्याशिवाय तज्ज्ञ डॉक्टर भेटत नाही. आम्स्टलव्हेनमध्ये भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, म्हणून तिथली भाडीही चढी आहेत. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण आईवडील येऊ शकतात ते १८० दिवसांत ९० दिवसच. कायमचं आणणं जवळजवळ अशक्य.

झुरिच

पगाराचा आकडा चौघांत बहुधा इथलाच मोठा, आणि वरच्या पगारालाही कर नेदरलँड्सपेक्षा बराच कमी. पण युरोपाबाहेरच्यांसाठी कामाच्या परवान्यांचा वार्षिक कोटा असतो, त्यामुळे ऑफर आली म्हणजे परवाना आला असं नाही. परवाना हातात येईपर्यंत भारतातला राजीनामा देऊ नये.

आरोग्य विमा कंपनी देत नाही, प्रत्येकाने स्वतः घ्यायचा. तीन महिन्यांची मुदत आहे, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा लागतो. प्रौढामागे महिना ३०० ते ५०० फ्रँक धरा. 'फ्रँचाइज', म्हणजे वर्षाला आधी स्वतः सोसायची रक्कम, ३०० पासून २,५०० पर्यंत निवडता येते. धडधाकट माणसाने २,५००, नियमित औषधं चालू असणाऱ्याने ३००; मधले पर्याय क्वचितच फायद्याचे ठरतात. दातांचा खर्च यात नाही.

पाळणाघराचे दिवसाला १२० ते १५० फ्रँक जातात. सरकारी शाळा चांगल्या आणि फुकट आहेत, जर्मनमधून. दुपारी मुलं जेवायला घरी येतात असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे दोघं नोकरी करत असतील तर दुपारच्या जेवणाची आणि नंतरची सोय पैसे देऊन करावी लागते. दोन लहान मुलं असतील तर दुसऱ्या पगाराचा मोठा हिस्सा यातच जातो. मुलं आठ-नऊच्या पुढे गेली की हेच शहर एकदम परवडू लागतं.

कर पगारातून कापला जातो, पण वर्षाचा पगार १,२०,००० फ्रँकवर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. कापलेला कर कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, सरासरी दराने असतो. त्यामुळे कमी कराच्या गावात राहणाऱ्याला परतावा मिळतो आणि जास्त कराच्या गावात राहणाऱ्याला फरक भरावा लागतो. घर शोधताना भाड्याबरोबर गावाचा करदरही पाहा.

नोकरी गेल्यावरचं संरक्षण चौघांत इथे सर्वांत भक्कम. दोन वर्षांत १२ महिने हप्ते भरलेले असतील तर मुलं असणाऱ्याला विमाधारित पगाराच्या ८० टक्के मिळतात. विमाधारित पगाराची मर्यादा वर्षाला १,४८,२००, म्हणजे हातात येणारे ८० टक्के महिना ९,८८० फ्रँकपर्यंत. नाव बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत नोंदवायचं. स्वतःहून राजीनामा दिला तर काही दिवसांचे पैसे कापतात. परवान्याची मुदत संपत आली असेल तर मात्र नूतनीकरण अवघड होतं.

कायमचं भारतात परतताना दुसऱ्या स्तंभाचं पेन्शन, म्हणजे नोकरीतलं निवृत्तिवेतन, पूर्ण काढता येतं. त्यावरचा कर पैसे ज्या संस्थेत आहेत तिच्या कँटनचा लागतो, म्हणून जाणकार लोक निघण्याआधी रक्कम श्वित्झ या कमी कराच्या कँटनमधल्या संस्थेच्या खात्यात हलवतात. कायदेशीर आहे, आणि मोठ्या रकमेवर वाचणारा कर चांगलाच जाणवतो. आईवडिलांसाठी नियम तोच, १८० दिवसांत ९०.

अमेरिका इथे मुद्दाम घेतलेली नाही. पगार तिथे मोठाच आहे, पण एच-१बीवर नोकरी गेल्यास ६० दिवस आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची कित्येक वर्षांची रांग, यामुळे तो पगार किती वर्षं टिकेल हे आपल्या हातात राहत नाही.

कुठलीही ऑफर असो, सही करण्याआधी हे मेलवर लेखी मागा: दुबईसाठी मूळ पगाराचा आकडा आणि भाड्याची आगाऊ रक्कम, सिंगापूरसाठी शाळेची फी आणि शेअरांवरच्या कराची जबाबदारी, नेदरलँड्ससाठी ३० टक्के सवलतीचा अर्ज कंपनी करणार का आणि पगाराचा आकडा सवलत धरून आहे की न धरता, झुरिचसाठी परवाना नाकारला गेला तर ऑफरचं काय. चौघांसाठी समान मागणी एकच: नोटीस किमान तीन महिन्यांची.